विल्यम्सांच्या मुलखात एक विल्यम्स शोधताना

आमच्या शेजारीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य वेल्समधल्या कारमार्थनशर परगण्यातच गेले आहे. त्यांच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षे चालत आले होते. त्यांची आजी सांगत असे, ‘‘माझी आई आणि कवी डिलन थॉमसची आई या नात्याने बहिणी लागत.’’ सख्ख्या चुलत, मावस की केवळ एका पंचक्रोशीतल्या म्हणून बहिणी, याचा खुलासा आजीने केला नाही आणि तिच्या हयातीत तो कोणी विचारलाही नाही. मी मूळचा वाईचा. नोकरीनिमित्त वेल्समध्ये आलो आणि इथेच राहिलो. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी दोन-तीन शाखांची माहिती मी जुळवली होती, हे बाईंना गप्पांच्या ओघात कळले होते. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या कागदांची एक पिशवी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मला नवल वाटले नाही. ‘‘खरे काय ते कळले पाहिजे, खोटे निघाले तरी चालेल,’’ एवढेच त्या म्हणाल्या. ही तयारी असल्याशिवाय वंशावळीच्या कामात पडू नये, असे माझे मत आहे, कारण प्रसिद्ध माणसाशी नाते जोडायला निघालेला मनुष्य सहसा आपल्याला हवा तोच कागद शोधतो.

पहिली शिस्त आम्ही ठरवली ती अशी, की कवीकडून खाली उतरत बाईंच्या घरापर्यंत यायचे नाही. बाईंकडून एकेक पिढी वर चढायचे, प्रत्येक पायरीला कागद मागायचा, आणि कवीची बाजू स्वतंत्रपणे मांडून ठेवायची. दोन्ही रेषा कुठे मिळाल्या तर मिळाल्या.

कवीची बाजू चरित्रकारांनी बरीच उजळलेली आहे. डिलन मार्लेस थॉमस यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१४ रोजी स्वान्सीच्या ५, कुमडॉन्किन ड्राइव्ह या घरात झाला. वडील डेव्हिड जॉन थॉमस स्वान्सी ग्रामर स्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक होते, तर आई फ्लॉरेन्स ही माहेरची विल्यम्स. तिचा जन्म १८८२चा, आणि तिचे माहेर स्वान्सीच्या सेंट थॉमस भागातले, गोदीजवळचे. त्या रस्त्याचे नाव चक्क दिल्ली स्ट्रीट! तिचे वडील जॉर्ज विल्यम्स रेल्वेत नोकरीला होते, पण ते आणि त्यांची पत्नी दोघेही मूळचे कारमार्थनशरच्या शेतकरी मुलखातले. कारमार्थन गावापासून टावी नदीच्या मुखाशी असलेल्या लानस्टेफनपर्यंतच्या पट्ट्यात, विशेषतः लानगाइन गावाभोवती, फ्लॉरेन्सचे नातलग अनेक शेतांवर राहत होते. डिलन लहानपणी सुट्टीत ज्या फर्नहिल नावाच्या शेतघरी जात असे, ते याच पट्ट्यातले. तिथली ॲन जोन्स ही त्याची मावशी. १९३३ साली ती वारली, तेव्हा तिच्यावर त्याने लिहिलेली कविता प्रसिद्ध आहे. बाईंची पणजीही याच पट्ट्यातली. म्हणजे दावा अगदीच हवेतला नव्हता.

खरी अडचण आडनावांची होती. वेल्समध्ये पूर्वी आपल्यासारखेच बापाचे नाव मुलाच्या नावापुढे लागत असे, आणि पश्चिमेकडच्या खेड्यांत ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. पुढे ती नावे जिथल्या तिथे गोठली आणि त्यांचीच आडनावे झाली. नावे मुळात मोजकी, त्यामुळे आडनावेही मोजकीच राहिली : जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, थॉमस, इव्हान्स. आपल्याकडे आडनावावरून निदान मूळ गावाचा अंदाज येतो. इथे एका गावात चार विल्यम्स घरे असली, तरी त्यांचे एकमेकांशी काडीचे नाते नसू शकते. डिलनच्या वडिलांकडचेच उदाहरण पुरेसे आहे. त्यांचे चुलते विल्यम थॉमस हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि कवी होते. त्याच काळात वेल्समध्ये याच नावाचे दुसरे एक धर्मोपदेशक कवी होते. दोघांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर, आणि निधनातही एकच वर्षाचे. कवी म्हणून घेतलेली टोपणनावे नसती, तर दोघांच्या नोंदी एकमेकींत पार मिसळून गेल्या असत्या. दुसरे ‘इसल्विन’ म्हणून ओळखले जातात आणि डिलनचे चुलत आजोबा ‘ग्विलिम मार्लेस’ म्हणून.

या ग्विलिम मार्लेस यांच्याविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. १८३४ साली ब्रेख्वा गावाजवळ त्यांचा जन्म झाला. ते ग्लासगो विद्यापीठात शिकले आणि लुइनरिडोवेन इथल्या प्रार्थनामंदिराचे उपदेशक झाले. राजकारणात ते कुळांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा १८७६ साली जमीनदाराच्या माणसांनी त्यांना आणि त्यांच्या मंडळींना त्यांच्याच प्रार्थनामंदिरातून बाहेर काढून दाराला कुलूप ठोकले. बेदखल झालेल्या मंडळींपुढे त्यांनी उघड्यावर उपदेश केला. वर्गणीतून नवे मंदिर उभे राहिले, पण १८७९ साली पंचेचाळिसाव्या वर्षीच ते गेले. ज्या वर्षी ही बेदखली झाली, त्याच वर्षी त्यांचे भाऊ इव्हान, म्हणजे कारमार्थनजवळच्या जॉन्सटाउनचे रेल्वेगार्ड, यांच्या घरी डिलनचे वडील जन्मले. पुढे त्यांनी आपल्या दोन्ही मुलांच्या नावांत या चुलत्याची आठवण गुंफली, पण मुलीच्या नावात स्पेलिंग एक लिहिले आणि मुलाच्या नावात दुसरे. एकाच बापाने, एकाच घरात! नोंदींमध्ये एका अक्षराचा फरक दिसला की ‘ही व्यक्ती वेगळी’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

ही मुलगी म्हणजे नॅन्सी, डिलनची थोरली बहीण. तिचा मृत्यू एप्रिल १९५३ मध्ये मुंबईत कर्करोगाने झाला, हे मी चरित्रात वाचले तेव्हा थबकलोच. दुसऱ्या पतीबरोबर ती हिंदुस्थानात आलेली होती. डिसेंबर १९५२ मध्ये वडील, एप्रिलमध्ये बहीण आणि ९ नोव्हेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात स्वतः डिलन, अशी त्या घरातली तीन माणसे अकरा महिन्यांत गेली आणि आई एकटी मागे उरली. नॅन्सीच्या नोंदींचा माग काढण्याचा मोह मला झाला होता. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींच्या ज्या नकला लंडनला पाठवल्या जात, त्यांची मालिका स्वातंत्र्यानंतर लवकरच आटते. त्यानंतरच्या ब्रिटिश नागरिकांसाठी ब्रिटिश उच्चायुक्तालयाच्या नोंदी पाहाव्या लागतात, एवढे मी समजून घेतले. पण तो आमचा प्रश्न नव्हता, म्हणून तिथेच थांबलो.

आता बाईंची बाजू. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. बाईंपासून त्यांच्या आजीपर्यंत आणि आजीपासून पणजीपर्यंत दाखल्यांवर दाखले सरळ चढत गेले. पणजी १८७० नंतरच्या दशकातली; तिच्या जन्मदाखल्यात आईचे माहेरचे आडनाव विल्यम्स आढळले, तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. मी मात्र सावध होतो. खापरपणजी विल्यम्स होती याचा अर्थ एवढाच, की आता या पट्ट्यातल्या शेकडो विल्यम्सांतून एक निवडायची.

सरकारी नोंदणी कार्यालयाने २०१६ साली आपली नवी सूची संगणकावर खुली केली, आणि तिच्यात १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिले. वेल्समध्ये काम करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. विल्यम्सने विल्यम्सशीच लग्न केले असेल, तर दोन्ही रकान्यांत तेच आडनाव येते. मूल विवाहबाह्य असेल, तर आईच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ही रेघ वाचायला शिकणे फार महत्त्वाचे आहे. आमच्या खापरपणजीची जन्मनोंद मात्र या सूचीत खात्रीने ओळखता आलीच नाही. १८७५ पूर्वी मुलाचा जन्म नोंदवला नाही म्हणून पालकांना दंड होत नसे आणि खेड्यातली बरीच मुले निसटत. म्हणून आम्ही जनगणनेकडे वळलो.

जनगणनेचे कागद पाहताना एक गोष्ट मी बाईंना प्रथमच दाखवली. डिलनला वेल्श भाषा येत नव्हती, असे सगळीकडे म्हटले जाते आणि तो स्वतःही तसेच म्हणे. आईवडील दोघे वेल्श बोलणारे, पण मुलांना त्यांनी इंग्रजीतच वाढवले, उच्चार सुधारावेत म्हणून शिकवणीही लावली. असे असून १९२१च्या जनगणनेत नॅन्सी आणि डिलन या दोघांपुढे वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा येत असल्याची नोंद आहे. तक्ता कुटुंबप्रमुखाने भरायचा असे. सहा वर्षांच्या डिलनला खरोखर थोडे वेल्श येत होते, की वडिलांनी मनातली इच्छा लिहिली? ते काहीही असो, सरकारी कागदात लिहिले म्हणजे ते घडले, असे धरून चालता येत नाही. आमच्याच खापरपणजीचे जन्मस्थान एका जनगणनेत लानगाइन आहे आणि दहा वर्षांनी लानस्टेफन.

या मुलखात माणूस ओळखायचा तो शेताच्या नावावरून. प्रत्येक शेताला नाव असते, आणि लोक एकमेकांचा उल्लेख ‘अमुक शेतावरचा जॉन’ असाच करतात. कुळे एका शेतावरून दुसऱ्यावर गेली की माणसाची ओळखही बदलते. १८३६च्या कायद्याने चर्चला द्यायचा धान्यातला दशांश रोख रकमेत बदलला गेला, आणि त्यासाठी गावोगावी मोजणी होऊन नकाशे तयार झाले. त्यांच्याबरोबरच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा, शेताचे नाव आणि वावराचेही नाव असते. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे सर्वांना घरबसल्या पाहता येतील असे मांडले आहेत. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला ही यादी पाहताना परके वाटत नाही. त्याच ग्रंथालयाने १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे आणि १९१९पर्यंतची वर्तमानपत्रेही विनामूल्य खुली केली आहेत. वर्तमानपत्रांतले वेल्श मृत्युलेख मला बाईंनीच वाचून दाखवले. मला त्या भाषेत गावांच्या पाट्यांपलीकडे फारसे काही येत नाही.

पण शेताचे नाव आम्हाला कागदात मिळाले नाही, ते दगडावर मिळाले. बाईंना आठवत होते, की लहानपणी आजी त्यांना एका प्रार्थनामंदिराच्या आवारात फुले ठेवायला नेत असे. तिथल्या जुन्या शिळा पाटीच्या काळ्या दगडाच्या आहेत. हा दगड अक्षरे छान धरतो, पण उत्तरेकडच्या अंगाला त्यावर राखाडी दगडफूल चढते. ते खरवडायचे नसते, कारण त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. बाईंनी घरातला हात-दीड हात लांबीचा आरसा आणला होता. दुपार कलल्यावर त्यांनी तो शिळेच्या बाजूला जमिनीलगत तिरका धरला आणि ऊन दगडावर आडवे पाडले. जिथे मला नुसता खडबडीतपणा दिसत होता, तिथे ओळींच्या कडा उभ्या राहिल्या. आधी ‘एर कोव्ह अम’, म्हणजे ‘यांच्या स्मरणार्थ’. मग खापरपणजोबांचे नाव, त्यांचे शेत. खाली ‘तसेच’ म्हणून खापरपणजीचे नाव, वय, आणि त्याखाली बारीक अक्षरात आणखी एका शेताचे नाव. ते तिचे माहेर असणार, असे बाई लगेच म्हणाल्या, कारण त्या आवारातल्या इतरही काही शिळांवर बायकांच्या नावाखाली अशी वेगळी शेते आहेत. मी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घेतली. त्या एका शेताच्या नावाने आमचे काम निम्मे हलके केले.

१८५१च्या जनगणनेत त्या शेतावर खापरपणजीच्या वयाची आणि नावाची मुलगी होती. त्याच नावाची, तेवढ्याच वयाची दुसरी मुलगी शेजारच्या पॅरिशमध्येही, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतही, होती, म्हणून आधी तिचा निकाल लावणे भाग होते. अशा वेळी दुसऱ्या उमेदवाराचा मृत्यू किंवा विवाह शोधणे हाच खात्रीचा मार्ग. चर्चच्या दफननोंदीत ती नऊ वर्षांची असताना गेल्याचे सापडले. कोणाच्या तरी बालमृत्यूने आपण सुटकेचा निःश्वास टाकावा, हे या कामातले फारसे न बोलले जाणारे ओशाळेपण आहे.

उरलेल्या मुलीपुढे ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात लिहिले होते ‘नात’. घराची प्रमुख एक विधवा, आडनाव विल्यम्स. घरात दोन अविवाहित मुलगे, एक मुलगी, एक गडी आणि ही सहा वर्षांची नात. तिचे आईबाप त्या घरात दिसत नव्हते, किंवा त्यांपैकी एक जण दिसत होता पण तसे लिहिलेले नव्हते. दशांशाच्या यादीत त्या विधवेचा नवरा याच शेताचा कसणारा म्हणून नोंदलेला होता. त्यामागे १८४१ची जनगणना, आणि तिथे बहुतेकांची वाट अडते. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. नाते लिहीतच नसत आणि जन्मस्थानाच्या जागी ‘याच परगण्यातला’ एवढेच ‘हो’ किंवा ‘नाही’ असे. त्यामुळे घरातली पंचवीस वर्षांची विल्यम्स स्त्री ही मुलगी, सून की मोलकरीण हे त्या कागदावरून ठरत नाही.

फ्लॉरेन्सच्या नातलगांची म्हणून चरित्रांमध्ये जी शेते सांगितली जातात, त्यांच्यात हे शेत नाही. पण ते त्याच पट्ट्यातले आहे, आणि त्या घरातला एक मुलगा पुढे रेल्वेत लागून स्वान्सीला गेला. रेल्वे स्वान्सीला १८५० साली पोहोचली आणि कारमार्थनला १८५२ साली. त्यानंतर या शेतांवरच्या धाकट्या मुलग्यांनी जमिनीऐवजी गणवेश पत्करला. डिलनचे दोन्ही आजोबा रेल्वेतलेच, हा योगायोग नव्हे. बाईंचे म्हणणे असे, की गोदीजवळच्या त्याच वस्तीत, त्याच काँग्रिगेशनल पंथाच्या प्रार्थनामंदिरात जाणारी, त्याच खेड्यांतून आलेली विल्यम्स मंडळी एकमेकांना बहीण-भाऊ म्हणणारच. फ्लॉरेन्सच्या बहिणीचे पती डेव्हिड रीस हे मम्बल्सजवळच्या न्यूटन गावी याच पंथाचे उपदेशक होते, त्यामुळे प्रार्थनामंदिरांच्या गोतावळ्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण गोतावळा म्हणजे रक्त नव्हे, आणि आजीच्या वाक्याचा उगम एवढ्यातच असू शकतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना ते रुचले नाही. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच वहीत तसे लिहून ठेवले.

मधल्या काळात त्यांच्या भाच्याने डीएनए चाचणीचा आग्रह धरला. मी विरोध केला नाही, पण फार आशाही ठेवू दिली नाही. समान पूर्वज पाच पिढ्या मागे गेला, की जवळपास निम्म्या जोड्यांमध्ये ओळखण्याजोगा समान अंश उरतच नाही. शिवाय या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या शेतांतच सोयरिकी झालेल्या असल्याने, जुळलेला अंश नेमका कोणत्या वाटेने आला हे सांगणे कठीण. आणि तुलना करायला समोरचा माणूस हवा. कवीच्या हयात वंशजांना पत्रे पाठवून त्यांच्याकडे असली मागणी करायची नाही, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवले होते. चाचणीत बाईंच्या कारमार्थनशरच्या मुळांवर शिक्कामोर्तब झाले, ज्याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

सध्या वंशवृक्षाचा तक्ता असा आहे : बाईंपासून खापरपणजीपर्यंत ठसठशीत रेघ, खापरपणजीपासून त्या विधवेपर्यंतही ठसठशीत रेघ, पण मधली पिढी रिकामी; आणि विधवेच्या नवऱ्यापासून फ्लॉरेन्सच्या घराण्याकडे जाणारी रेघ पेन्सिलीने, तुटक. ती शाईने गिरवायची की पुसायची हे एका कागदावर बरेचसे अवलंबून आहे. खापरपणजीच्या लग्नाची नोंद आम्हाला सूचीत उशिरा सापडली, कारण लग्न तिच्या पॅरिशमध्ये न होता नोंदणी अधिकाऱ्यासमोर झाले होते. १८३७ नंतरच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांचे नाव आणि धंदा लिहिलेला असतो, आणि साक्षीदारांच्या सह्याही असतात. म्हणून केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडून येणाऱ्या सरकारी नकलेऐवजी स्थानिक नोंदणी कार्यालयातल्या मूळ नोंदवहीवरून प्रत मिळावी, असा अर्ज आम्ही केला आहे. वडिलांच्या रकान्यात त्या घरातल्या एखाद्या मुलग्याचे नाव निघाले, तर रेघ विल्यम्स पुरुषांच्या बाजूने वर जाईल आणि मग त्या विधवेच्या नवऱ्याचे भाऊबंद शोधायला चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहता येतील. रकाना कोरा निघाला, तर नात ही मुलीची मुलगी, आडनाव आईकडून आलेले, आणि बापाची बाजू बंद. तरीही आजोबांमार्फत नाते राहीलच. तिसरी शक्यता बाईंनीच काढली : अशा मुली पुष्कळदा लाजेखातर आजोबांचेच नाव वडील म्हणून सांगत. म्हणून प्रत आली की आम्ही आधी साक्षीदारांच्या सह्या वाचणार आहोत आणि नंतर वडिलांचा रकाना.